डाव्या पॅडलची कटकट

सायकल स्टँडवर लावा. पार्किंगमध्ये असेल तर तिथेच, गॅलरीत असेल तर गॅलरीत. शेजारी बसायला पाट घ्या, नाहीतर जुनं वर्तमानपत्र अंथरा. फोन आत ठेवून या.

सायकल दुकानातून दुरुस्त होऊन आली आहे, पैसे देऊन झाले आहेत आणि घरी येता येताच तुमच्या लक्षात आलंय की काहीतरी बिनसलंय. समजा, डावं पॅडल नवीन बसवून घेतलं होतं. पाय दाबला की तिथे कट् असं वाजतं. पुन्हा दाब, पुन्हा कट्. सायकलच्या दुरुस्तीत चुकायच्या जागा पुष्कळ असतात. आऊट काढलेली रिम आठवड्यात पुन्हा आऊट होते, ब्रेकचं रबर रिमऐवजी टायरला घासतं, पंक्चर काढताना ट्यूब चिमटते आणि एकाची दोन भोकं होतात. पण आज एवढं एक पॅडल घेऊन बसू. एका बिघाडाकडे नीट पाहिलं की बाकीच्यांकडे कसं पाहायचं ते फारसं सांगावं लागत नाही.

आत्ता सायकलवर बसायचं नाही आणि दुकानाकडेही निघायचं नाही. दुकान कुठे पळून जात नाही.

एव्हाना मनात एक भाषण तयार झालं असेल. ‘पैसे मोजून घेताना बरं सगळं नीट जमतं’ इथून त्याची सुरुवात होते आणि ‘हल्ली कुणाला कामाची चाडच राहिली नाही’ इथवर ते जाऊन पोचतं. ते थोपवू नका. चालू द्या, आणि चालू असताना त्यात कोण कोण येतंय ते बघा. दुकानदार येतो. त्याच्या हाताखालचा पोरगा येतो. हल्लीचा जमाना येतो, आपला देश येतो, मागे एकदा फसवून गेलेला प्लंबरही येतो. पॅडल मात्र त्यात कुठेच नसतं. एवढं दिसलं की भाषणाचा जोर निम्मा उतरतो. नाही उतरला तरी बिघडत नाही, राग शेजारी बसून राहिला तर राहू द्या. त्याला उठवून लावायची काही गरज नाही. रास्त राग आहे तो, मेहनतीचे पैसे गेलेत.

आधी श्रवण, मग मनन, असा क्रम आपल्याकडे घालून दिलेला आहे. तो इथे शब्दशः पाळता येतो.

सायकल स्टँडवर आहे तोवर डावं पॅडल हातानं उलटं फिरवा. सावकाश, दहाबारा फेरे. काही वाजतं? बहुतेक नाही. चेन सळसळेल, फ्रीव्हीलची टिकटिक येईल, पण ती कट् यायची नाही. आता सायकल स्टँडवरून उतरवून भिंतीला टेकवा. डावं पॅडल पुढे, जमिनीला समांतर आणा. मागचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताचा तळवा पॅडलवर ठेवून अंगाचं वजन द्या. कट्. सोडा. पुन्हा द्या. कट्.

इथे जरा रेंगाळा, कारण पुढचं बरंचसं इथेच सुटतं. बिघाड वजनाखाली बोलतो, मोकळ्या फेऱ्यात गप्प बसतो. दुकानात सायकल उभी असते किंवा आकड्याला टांगलेली असते. पॅडल बसवलं, हातानं गरागरा फिरवलं, आवाज नाही, ‘झालं बघा’. तुमच्या हाती सायकल देणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकू आलेलाच नसण्याची शक्यता दाट आहे. त्यानं बसून एक चक्कर मारायला हवी होती, हे खरंच, आणि ती न मारणं ही त्याची चूकच. पण ऐकून दडपणं निराळं आणि ऐकायला न जाणं निराळं. तुमच्या भाषणात या दोन्हींची सरमिसळ झालेली होती. आता ती वेगवेगळी करा. घाई नाही.

मग पाहणं. डोळे पॅडलवर नकोत, पॅडल जिथे क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलला मधल्या ॲक्सलशी जोडणाऱ्या हातात शिरतं, तिथे असू देत. पॅडलचा दांडा ज्या ठिकाणी क्रँकच्या तोंडाला टेकतो, तिथे चहूबाजूंनी सारखी फट हवी, किंबहुना फट नकोच. वर्तमानपत्राच्या कोपऱ्याची पट्टी फाडा आणि त्या सांध्यात सरकवून बघा. वरच्या बाजूला शिरते आणि खालच्या बाजूला शिरत नाही? म्हणजे दांडा वाकडा बसला आहे. त्याच जागी बोट फिरवा. बोटाच्या टोकाला चंदेरी, चकचकीत चुरा लागला तर तो क्रँकचा आहे. ॲल्युमिनियम तिथे रोज थोडं थोडं झिजतंय. उजव्या बाजूलाही हेच करून पाहा, कारण ती बाजू कुणी हात न लावलेली आहे आणि तुलनेला तीच उत्तम. शिवाय क्रँक धरून आत-बाहेर हलवून बघा. तोच हलत असेल तर दुखणं पॅडलचं नाही, क्रँकच्या नटाचं किंवा आतल्या ॲक्सलचं आहे. अशा वेळी तयार भाषणातला निम्मा मजकूर बाद होतो.

हात चुळचुळतील. पाना घेऊन जरा आवळून बघावं असं वाटेल. आवळू नका. वाकड्या आट्यात पान्याचा आणखी एक फेरा म्हणजे उरलेसुरले आटे गेले. आणि दुकानात ‘तुम्हीच छेडछाड केलीत’ हे ऐकावं लागेल ते वेगळं.

आता डाव्या पॅडलचं एक गुपित. घरात बहुतेकांना ते ठाऊक नसतं, मिस्त्रीला मात्र ठाऊक असायलाच हवं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नळ, नट, बाटलीचं झाकण, सगळं उजवीकडे फिरवलं की आवळतं, हे मात्र डावीकडे. पॅडल मारताना पायाच्या दाबानं दांडा क्रँकच्या भोकात किंचित घरंगळत असतो, फेऱ्याच्या उलट दिशेनं. ही हालचाल डोळ्याला दिसत नाही, पण हजारो फेऱ्यांमध्ये ती सरळ आट्याचं डावं पॅडल उलगडून टाकते. म्हणून तिथे उलटे आटे. १९०० च्या सुमारास ही युक्ती बाजारात आणण्याचं श्रेय अमेरिकेतल्या डेटनच्या राइट बंधूंना दिलं जातं. विमानाआधी त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि १९०३ च्या विमानाचा खर्चही त्या धंद्यातूनच निघाला. जगातलं पहिलं विमान सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी उडवलं, हे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभं असताना अधूनमधून आठवायला हरकत नाही.

दोन्ही बाजूंना लागू पडणारी एक खूण आहे. पाना पॅडलच्या दांड्याला लावून वरच्या दिशेला उभा धरायचा. पुढच्या चाकाकडे ढकलला की पॅडल आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. दांड्याच्या टोकाला बहुधा डाव्या-उजव्याचं इंग्रजी अक्षरही कोरलेलं असतं. पण खरी गोष्ट अक्षराची नाही, बोटांची आहे. पॅडल आधी बोटांनी फिरवत आत न्यायचं असतं. चारपाच फेरे ते बोटांच्या जोरावर गेलं तर आटे जुळले. पहिल्या फेऱ्यालाच पाना लावावा लागला तर समजायचं, आटा आट्यावर चढतोय.

त्या क्षणाची कल्पना करा. शक्यतो तपशिलात करा.

सकाळची साडेसातची वेळ असेल. शाळेची पोरं हवा भरायला रांगेत, एकाची चेन उतरलेली, एका आजोबांना पंक्चर आत्ताच्या आत्ता काढून हवंय. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवलेली, हाताला सोल्यूशन लागलेलं. त्यात तुमचं पॅडल. बोटांनी दोन फेरे जात नाहीत म्हटल्यावर हात आपोआप पान्याकडे गेला. आणि आता पाहा, या हातानं पंचवीस-तीस वर्षं कशावर काम केलंय? काळ्या, जड, लोखंडी सायकलींवर. तिथे क्रँक पोलादी, कॉटर पिन पोलादी. पोलादात आटा वाकडा चढू लागला तर ते अडतं, हाताला झटका देतं, सांगतं. ॲल्युमिनियम सांगत नाही. मऊ असल्यानं पोलादी दांडा त्यात स्वतःचे खोटे आटे पाडत जातो आणि पान्याला वाटतं, छान आवळतंय. गिअरच्या सायकली आल्या तशा त्यांच्याबरोबर ॲल्युमिनियमचे क्रँक आले. पण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला त्याची सवय करून घ्यायला वेळ कुणी दिला? नव्या शोरूमचे मेकॅनिक कंपनीचं शिक्षण घेतात. फुटपाथवरच्या माणसाचं शिक्षण तुमच्या सायकलवर होतं. हे समर्थन नाही, हा फक्त बिघाडाचा उगम आहे.

पुण्यात, आणि पुण्यातच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एके काळी तासावर सायकल भाड्यानं मिळायची. तीच दुकानं दुरुस्तीचीही असत. त्या मिस्त्रीनं वाकडं पॅडल बसवलं तर संध्याकाळी ती सायकल त्याच्याच दारात परत यायची आणि नुकसान त्याच्याच गल्ल्यातून जायचं. हाताला वळण लावणारा तो मोठा गुरू होता, असं मला वाटतं. भाड्याच्या सायकली गेल्या, त्यांच्याबरोबर हा परतीचा रस्ताही गेला. आता दुरुस्त केलेली सायकल दुकानातून निघते ती निघतेच. तिचं पुढे काय झालं, हे त्याला कळण्याचा एकच मार्ग शिल्लक आहे. तुम्ही.

इथे श्वास नेहमीचा चालू आहे ना, ते पाहा, आणि पुढच्या प्रश्नापाशी या. सायकल दुकानात होती तेव्हा ती कोणाची होती?

तुमचीच. पण ताबा त्याचा. या अवस्थेचा विचार आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यानं करून ठेवलेला आहे. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्यानं, साधारण शहाणा माणूस तशीच स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी ती जपली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. ताब्यातल्या वस्तूवर ज्यानं आपली मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यानं दिलेली उदाहरणं मोठी गोड आहेत. एकात जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला कच्चा हिरा आहे आणि दुसऱ्यात शिंप्याकडे कोटासाठी दिलेलं कापड. आपला सायकलवाला या दोघांच्याच ओळीत बसतो. त्याच्या कामाला कसब म्हटलं आहे, आणि कसब म्हणूनच त्याच्या मजुरीला एवढं संरक्षण आहे. मग ज्याला कसबाची मजुरी मागण्याचा हक्क आहे त्याच्याकडे कसब मागण्याचा हक्क तुम्हालाही आहे. तुम्ही त्याच्या दारात उपकार मागायला जाणार नाही आणि भांडायलाही जाणार नाही, हे यावरून ठरतं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कलमांवर पुढे ग्राहकाचा स्वतंत्र कायदा आला. त्याला पुण्याचा हातभार आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि आता २०१९ चा लागू आहे. पैसे घेऊन केलेल्या कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव, ही त्यानुसार सेवेतली त्रुटी ठरते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, आणि कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे माहीत असावं. पण एका पॅडलसाठी आयोगाची पायरी चढणं म्हणजे मुंगी मारायला तोफ आणणं. बिल मागत जा, एवढं मात्र या कायद्यातून घरी आणाच. मागूनही बिल न देणं यालाच तो अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. कोपऱ्यावरच्या दुकानात छापील बिलबुक नसेल तर चिठ्ठीवर काम, रक्कम, तारीख आणि सही चालेल.

आता एक अडचणीचा प्रश्न, तो स्वतःलाच विचारायचा. आवाज यायला लागल्यावर सायकल किती चालवली? दोन दिवस असतील तर काहीच म्हणणं नाही. महिनाभर ‘बघू, बघू’ म्हणत ऑफिसला नेली असेल, तर त्या चंदेरी चुऱ्यातला बराचसा तुमच्या पायांनी पाडलेला आहे. खरं उत्तर द्या. इथे ऐकणारं दुसरं कुणी नाही.

उत्तर मिळालं की एक वाक्य तयार करा. त्यात विशेषण नको, ‘नेहमीच’ नको, ‘तुम्ही लोक’ तर अजिबात नको. असं काहीसं: ‘काका, बुधवारी डावं पॅडल बसवून दिलंत ना, ते वाकडं बसलंय. वजन दिलं की वाजतं, आणि क्रँकचा चुरा पडतोय. बघता का?’ मनातल्या मनात म्हणा. पुन्हा म्हणा. दुसऱ्या वेळी आवाज खाली आलेला असेल. मघाच्या भाषणात जे जे होतं, त्यातलं दुरुस्त करण्याजोगं सगळं या वाक्यात आलं आहे. बाकीचं दुरुस्त करण्याजोगं नव्हतंच.

काका काय म्हणतील तेही ऐकून ठेवा. ‘खड्ड्यात घातली असणार ताई.’ किंवा ‘मालच हलका येतो हल्ली.’ किंवा ‘चालवण्यावर आहे सगळं.’ यातल्या एकालाही तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. सायकल त्यांच्यासमोर भिंतीला टेकवा, ब्रेक दाबा, आणि म्हणा, ‘काका, तुम्हीच जरा पॅडल दाबून बघा.’ कट्. तो आवाज त्यांच्या तळव्याला कळेल. हातानं काम करणारा माणूस शब्दांशी तासभर वाद घालेल, पण स्वतःच्या हाताला जाणवलेल्या गोष्टीशी सहसा घालत नाही. घातलाच, तर त्याच्याशी पुढचा व्यवहार करायचा की नाही हेही तिथेच कळतं आणि दुसरं दुकान शोधायला मन मोकळं होतं.

आणि ते ‘जाऊ दे’? त्याच्याकडेही पाहून घेऊ, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा ओढा तिकडेच असतो. जाऊ दे, गरीब माणूस आहे. जाऊ दे, शंभर-दोनशेचा प्रश्न. मग आपण गुपचूप दुसऱ्या दुकानात जातो, नवा क्रँक बसवून घेतो आणि पुढच्या दोन वर्षांत सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगतो की त्या कोपऱ्यावरच्याकडे मुळीच जाऊ नका. दहा गिऱ्हाइकं तोडतो, पण त्याला एक वाक्य सांगत नाही. याला दया कसं म्हणायचं? त्यापेक्षा भर दुकानात चढ्या आवाजात बोलणारं गिऱ्हाईक बरं, निदान त्याच्यामुळे पुढच्या माणसाचं पॅडल सरळ बसण्याची शक्यता तरी उरते. गरिबीचा मान राखायचा असेल तर नव्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. झालेली चूक लपवून तो राखला जात नाही.

हळूहळू उठा. पाय आखडले असतील. फोन आणा, त्या तिरक्या फटीचा आणि चुऱ्याचा एक एक फोटो काढून ठेवा.

काय मागायचं तेही आता स्पष्ट आहे. आटे थोडेच बिघडले असतील तर मिस्त्रीकडे आटे पाडायचा टॅप असतो. आटे साफ करून तेच पॅडल ग्रीस लावून पुन्हा बसतं. पार गेले असतील तर आटे नव्यानं पाडून आत स्टीलचा बुश बसवता येतो किंवा नुसता डावा क्रँक बदलता येतो, पूर्ण सेट घ्यावा लागत नाही. पॅडलच्या आट्यांचं माप बहुतेक सायकलींना एकच, ९/१६ इंच, त्यामुळे तिथे अडत नाही. क्रँकची लांबी आणि ॲक्सलला बसणारं भोक मात्र जुन्याशी जुळवूनच घ्यायचं. आवाज कळल्याबरोबर सायकल उभी केली असेल तर क्रँक आणि मजुरी दोन्ही दुकानानं सोसावी, हा माझा निवाडा. महिनाभर चालवली असेल तर क्रँकचे पैसे निम्मे-निम्मे करा आणि मजुरी त्यांची. नुकसानभरपाई, मनस्ताप, रिक्षाचं भाडं यांतलं काही मागू नका. काम झाल्यावर मात्र त्यांच्यासमोर सायकलवर बसा आणि दुकानापासून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून या, मगच निघा.

जायची वेळ दुपारची ठेवा, सकाळच्या गर्दीत नको. आणि सायकल चालवत नेऊ नका, हातात धरून न्या. झिजलेल्या आट्यातलं पॅडल चढावर उभं राहून जोर दिला की निघून येतं, आणि तेव्हा पायाखाली काहीच नसतं.